सळई जालन्याची, हिशेब कुणाचा?

जालन्यात कुठल्याही रस्त्यानं शिरा, स्वागताला सळईच उभी असते. कालिका, राजुरी, पोलाद, आयकॉन, गीताई... एका फलकाची पाठ फिरत नाही तोच दुसरा समोर येतो आणि प्रत्येकावर मजबुतीची हमी. औद्योगिक वसाहतीकडं वळलं की रस्त्याच्या कडेला ट्रेलरांची रांग दिसते. भंगार भरून आलेले ट्रेलर आत शिरतात आणि बारा मीटर लांबीच्या सळयांचे बंडल घेऊन बाहेर पडतात. मुंबईचे टॉवर, पुण्याच्या सोसायट्या, मराठवाड्यातल्या शाळाखोल्या, खेड्यातलं घरकुल या सगळ्यांत इथली सळई गेली आहे.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण निजामाच्या काळातल्या व्यापारी पेठेची. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. त्या कामासाठी 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतरच्या दशकांत बियाण्यांच्या जोडीला पोलाद आलं आणि आता बाहेरच्या माणसाला जालना म्हटलं की आधी सळई आठवते.

पण नुसत्या सळईनं इमारत उभी राहत नाही. ती किती जाडीची, किती अंतरावर, कुठं वाकवायची, कुठं तोडायची आणि तोडलीच तर पुढच्या सळईवर किती लांबीनं चढवायची, हे कुणीतरी हिशेब करून ठरवावं लागतं. तो माणूस म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर. जिल्ह्याच्या गावात त्याला ‘आरसीसीवाले साहेब’ म्हणतात. त्याचा फलक कुठल्याही चौकात नसतो. एखाद्या दुकानावरच्या मजल्यावर दोन-तीन संगणक आणि गुंडाळ्या करून ठेवलेले नकाशे एवढंच त्याचं कार्यालय. भट्टी, हे कार्यालय आणि साइट अशी ही तीन ठाण्यांची साखळी आहे. तिच्यातलं मधलं ठाणं जालन्यात सगळ्यात कमी दिसतं, आणि घराचं भवितव्य मात्र तिथं ठरतं.

भंगारातून सळई

जालन्यात लोहखनिज नाही, कोळसा नाही, बंदरही नाही. तरीही पोलादाचा धंदा इथं रुजला, कारण इथली पद्धत खनिजावर अवलंबून नाही. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये ते लाटून सळई काढायची. भंगार देशातून येतं, परदेशातूनही येतं. भट्टीचं खरं इंधन वीज. एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट लागतात. म्हणून इथल्या उद्योजकांच्या गप्पांत विजेचा दर बाजारभावाच्या आधी येतो, आणि 2016 मध्ये सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत जाहीर केली ती इथं मोठी बातमी ठरली.

लाल तापलेली सळई शेवटच्या रोलमधून बाहेर पडते तेव्हा तिचं तापमान हजार अंशांच्या आसपास असतं. तिथंच तिच्यावर जोरदार दाबानं पाणी मारतात. बाहेरचा थर क्षणात थंड होऊन कडक होतो, आतला गाभा मात्र तापलेलाच राहतो. पुढं कूलिंग बेडवर आतली उष्णता बाहेर येते आणि त्या कडक थराला थोडं मऊ करते. ही टीएमटी. बाहेरून कणखर, आतून लवचिक. तयार सळईचा तुकडा कापून, घासून त्यावर आम्लाचं द्रावण लावलं की कडेचं गडद कडं आणि आतला फिकट गाभा डोळ्यांनी दिसतो. कडं चारी बाजूंनी सारखं असलं तर पाणी नीट बसलं म्हणायचं. जुने मिस्त्री अजूनही सळईला ‘टॉर’ म्हणतात. ती आधीच्या पिढीची, थंड अवस्थेत पीळ देऊन केलेली सळई होती. ती बाजारातून गेली, नाव राहिलं.

भंगारातून पोलाद काढण्यात एक अडचण आहे. इंडक्शन भट्टी लोखंड वितळवते, पण त्यातलं गंधक आणि फॉस्फरस काढून टाकणं तिला फारसं जमत नाही. ही दोन्ही द्रव्यं वाढली की सळई ठिसूळ होते. भारतीय मानक 1786 मध्ये ‘एफई 500’ सळईत प्रत्येकी 0.055 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. ‘एफई 500 डी’ला 0.040 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. म्हणून भंगाराची निवड, वितळलेल्या रसाचा नमुना तपासणं आणि लॅडलमध्ये शुद्धीकरण करणं यांवर जालन्याची पत अवलंबून आहे. भंगारावर चालणाऱ्या मिलना बाजारात ‘सेकंडरी’ म्हणतात, आणि काही मोठ्या कामांच्या निविदांत फक्त खनिजापासून पोलाद बनवणाऱ्या ‘प्रायमरी’ कारखान्यांचीच सळई मागितली जाते. जालन्याला ही गोष्ट टोचते. तिला उत्तर एकच आहे आणि ते प्रयोगशाळेतून द्यावं लागतं, फलकावरून नाही.

मधलं ठाणं

आता साहेबांच्या कार्यालयात येऊ. घरमालक तिथं येतो तोवर बहुतेक गोष्टी ठरलेल्या असतात. प्लॉट घेतलेला असतो, वास्तुशास्त्राप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला गेलेलं असतं, ठेकेदाराशी चौरस फुटाचा दर ठरलेला असतो. कित्येकदा खड्डेही खोदून झालेले असतात आणि महापालिकेच्या परवानगीसाठी ‘सही हवी’ म्हणून साहेबांची आठवण होते. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पेशातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच. लोकांना त्याची सही हवी असते, हिशेब नको असतो.

हिशेब सुरू होतो जमिनीपासून. जालन्याचा बराच भाग काळ्या कपाशीच्या मातीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर उथळ पाया घातला तर घर दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात. मालक गवंड्याला बोलवून त्या बुजवतो, पुढच्या पावसाळ्यानंतर त्या परत येतात. अशा जमिनीत काळी माती काढून मुरमापर्यंत किंवा पक्क्या थरापर्यंत जायचं, भराव मुरमाचा करायचा आणि प्लिंथ बीमनं सगळे खांब एकमेकांना बांधायचे. माती फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल वापरायचे. या खांबाच्या तळाशी फुगवटा असतो, तो खांबाच्या सुमारे अडीचपट रुंद. मातीची वर-खाली होणारी पट्टी ओलांडून तो खालच्या स्थिर थरात पाय रोवतो. माती तपासायला लागणारा खर्च फरशीच्या खर्चापुढं किरकोळ असतो, पण फरशी पाहुण्यांना दिसते आणि पाया दिसत नाही.

मग वरचा भार. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा खांबावर, खांबाचा पायावर, पायाचा जमिनीवर. ही वाट कुठंही तुटता कामा नये. पूर्वी हे सगळं कागदावर व्हायचं, आता स्टॅड आणि ईटॅब्ससारख्या संगणक प्रणाली ते करून देतात. त्यांचा एक धोकाही आहे. संगणकाला चुकीचं सांगितलं तर तो चुकीचंच उत्तर नीटनेटकं छापून देतो. म्हणून मुरलेला इंजिनिअर संगणकाचा आकडा आला की आधी बोटांवर ढोबळ हिशेब करून पाहतो. आपल्याकडच्या घरकामात चौरस फुटाला साधारण साडेतीन ते चार किलो सळई लागते. हजार फुटांच्या घराला चार टन. आकडा त्याच्या फार वर किंवा फार खाली गेला तर पुन्हा बसायचं.

जालन्यात आणखी एक अडचण आहे. गावातच सळई बनते, मिलमालक ओळखीचा असतो, मग मालक म्हणतो, ‘साहेब, बाराऐवजी सोळा टाका, आपल्याकडं काय कमी आहे?’ जास्त सळई म्हणजे जास्त मजबुती हा समज घट्ट रुजलेला आहे आणि तो खोटा आहे. बीममध्ये प्रमाणाबाहेर सळई घातली तर भार वाढल्यावर सळई ताणली जाण्याआधीच वरचं काँक्रीट चिरडतं. योग्य सळईची बीम मोडायच्या आधी वाकते, चिरा दाखवते, माणसाला बाहेर पडायला वेळ देते. सळई ठासलेली बीम इशारा न देता जाते. शिवाय जोडावर सळयांची एवढी दाटी होते की खडी आत उतरत नाही, काँक्रीट पोकळ राहतं. साचा काढल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. मग ठेकेदार वरून गिलावा मारतो आणि प्रकरण मिटतं.

किल्लारीनं दिलेला धडा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या आधी किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगात इतक्या तीव्रतेचे धक्के अनेक ठिकाणी येतात आणि तिथं इतकी माणसं मरत नाहीत. इथं जीव घेतला घरांनी. जाड दगडी भिंती, दोन थरांच्या मधे माती आणि बारके दगड, थरांना जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचं वजनदार माळवद. भिंतीचे थर फाकले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. त्या वेळी देशाच्या भूकंप नकाशात किल्लारीचा परिसर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. पुढं 2002 च्या नकाशातून तो पट्टाच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली.

जालना त्या नकाशात दुसऱ्या पट्ट्यात आलं. त्याचा अर्थ असा की खांब-बीमचे जोड भूकंपात तग धरतील असे कसे करायचे हे सांगणारं मानक 13920 तिसऱ्या पट्ट्यापासून पुढं बंधनकारक, दुसऱ्यात ऐच्छिक. कायदा सूट देतो, जमीन देईलच असं नाही. 2024 मध्ये 21 मार्चला आणि पुन्हा 10 जुलैला हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या तीव्रतेचे धक्के बसले, मराठवाड्याच्या बऱ्याच भागात भांडी खडखडली.

13920 मधली सगळ्यात साधी अट रिंगची आहे. खांबाच्या उभ्या सळयांभोवती रिंग असते, तिची टोकं 90 अंशांत दुमडायची की 135 अंशांत, एवढाच प्रश्न. 90 अंशांचा हुक वाकवायला सोपा, पण धक्क्यात कडेचं काँक्रीट सुटलं की तो उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. 135 अंशांचा हुक खांबाच्या गाभ्यात रुतलेला असतो, तो सुटत नाही. दुसरी अट अंतराची. खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाजवळ रिंगा दाट हव्यात, जास्तीत जास्त 100 मिलिमीटरवर. या दोन गोष्टींना सळई किंचित जास्त लागते आणि मजुरी थोडी वाढते. बाकी खर्च शून्य. ‘500 डी’ सळई मागण्यामागंही हेच कारण. मोडण्याआधी ती किमान 16 टक्के ताणली जावी अशी अट आहे. साध्या 500 ला ती 12 टक्क्यांची. घर हललं तरी ते पडू नये, ही मागणी सळईच्या या ताणावर आणि रिंगच्या त्या हुकावर उभी आहे.

हात कुणाचे

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात रिंग वाकवतो तो फिटर. सकाळी पाट्यावर खिळे ठोकून, लोखंडी चावीनं तो दिवसभरात शेकडो रिंगा वाकवतो आणि बायंडिंग तारेनं गाठी मारतो. त्याची मजुरी बहुतेकदा सळईच्या वजनावर ठरते, हुकाच्या कोनावर नाही. म्हणून त्याला नकाशा समजावून सांगणं हे साहेबांच्या कामातलं निम्मं काम. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी साइटवर जाऊन सळयांचं अंतर मोजणं, कव्हर ब्लॉक बघणं, बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला आहे का ते हातानं पाहणं. बाल्कनीत ती चुकून खाली बसली तर स्लॅब आज ना उद्या खाली येते आणि त्या चुकीला दुरुस्ती नसते. खांबाच्या सळईवर काँक्रीटचं 40 मिलिमीटर कव्हर हवं. ते नसलं की दहा-पंधरा वर्षांत गंज चढतो, सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे गळतात.

भट्टीवरचे हात बहुतेक दुरून आलेले: बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, मध्य प्रदेश. 17 सप्टेंबरला मिलमधे विश्वकर्मा पूजा होते तेव्हा भट्टीला हार चढतो. त्यानंतर खंडेनवमीला साहेबांच्या कार्यालयात टेप, थिओडोलाइट आणि संगणकाला हळदकुंकू लागतं. 15 सप्टेंबरचा अभियंता दिन विश्वेश्वरय्यांचा. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले विश्वेश्वरय्या 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर निजामाच्या हैदराबादला गेले होते, आणि जालना तेव्हा त्याच संस्थानात होतं.

भट्टीवरच्या या हातांची किंमत जालन्यानं 2020 मध्ये पाहिली. टाळेबंदीत मिल बंद झाल्या. मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया अशा जिल्ह्यांतले वीस कामगार 7 मेच्या संध्याकाळी जालन्याहून चालत निघाले. रेल्वे बंद आहे असं समजून ते रुळाच्या कडेनं चालले. पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून करमाडजवळ दमून ते रुळावर बसले आणि तिथंच त्यांना झोप लागली. 8 मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास रिकामी मालगाडी आली आणि सोळा जण गेले. ऑगस्ट 2024 मध्ये एका मिलमधे भट्टीत स्फोट होऊन वितळलेलं लोखंड उडालं, वीसहून अधिक कामगार भाजले. सळईच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळतं. ती बनवणाऱ्याच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र कुणी ग्राहक अजून मागत नाही.

पाणी हेही साहित्य

काँक्रीट सुकत नाही, ते पाण्याशी रासायनिक संयोग होऊन कडक होतं. म्हणून स्लॅब टाकल्यावर तिला ओलं ठेवावं लागतं. बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट फ्लाय ॲश मिसळलेलं आहे आणि जालन्याची उन्हाळी हवा कोरडी. अशा वेळी मानक 456 चौदा दिवस पाणी मारायला सांगतं. प्रत्यक्षात तीन-चार दिवसांत पाणी थांबतं, कारण टँकर विकत घ्यावा लागतो.

2012-13 च्या दुष्काळात जालना पाण्यासाठी अक्षरशः व्याकुळ झालं होतं; त्याच काळात जायकवाडीहून जलवाहिनी आली. जुना आधार मात्र घाणेवाडीचा तलाव, निजामाच्या काळातला, उतारानं शहराला पाणी देणारा. तो गाळानं भरला होता. शहरातल्या नागरिकांनी आणि उद्योजकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा करून गाळ काढायला सुरुवात केली. शेतकऱ्यांनी तो सुपीक गाळ आपापल्या रानात नेऊन टाकला. सरकारी निविदेची वाट न बघता गावानं स्वतःच्या धरणाची देखभाल केली. बांधकामाशी संबंधित असलेल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं हे उदाहरण आहे, कारण बांधकाम क्षेत्राला जितकं पाणी लागतं तितकं त्याचं भान नसतं.

बीमच्या पलीकडं

स्ट्रक्चरल कार्यालय काय होऊ शकतं याचा एक दाखला मुंबईत आहे. शिरीष पटेल यांनी 1960 मध्ये आपलं कार्यालय सुरू केलं. 1965 मध्ये उभा राहिलेला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांच्या रचनेचा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या कांचनजंगा इमारतीचा सांगाडाही त्यांचाच. पण त्याच 1965 मध्ये कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत त्यांनी मुंबईच्या खाडीपलीकडं नवं शहर वसवावं असा प्रस्ताव मांडला आणि त्यातून नवी मुंबई आली. डिसेंबर 2024 मध्ये ते गेले, तोवर शहरातल्या घरांच्या प्रश्नावर लिहीत, भांडत राहिले.

जालन्यासमोर आता असंच मोठं काम येऊन ठेपलं आहे. 2022 च्या 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालना त्यावर आलं. जून 2025 मध्ये तो मुंबईच्या दारापर्यंत पोचला. ड्राय पोर्ट येतोय. गावाजवळच्या सिरसवाडीला रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आलं. 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. महापालिकेच्या कायद्यात तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या, पीळ दिलेल्या सळईच्या, पातळ कव्हरच्या कितीतरी इमारती जालन्यात आहेत. त्या तपासायला माणसं लागतील, आणि तरुण इंजिनिअर आजही पदवी घेतली की छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतो. त्याला इथं ठेवायचं तर त्याच्या कामाला फी द्यावी लागेल आणि त्याच्या ‘नाही’ला किंमत द्यावी लागेल.

या दिवाळीनंतर ज्यांच्या घराचं काम निघणार आहे, त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. खड्डे खोदायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं जा, सहीसाठी नंतर जाऊ नका. सळई नगावर घेऊ नका, वजनावर घ्या. जाडीचा वर्ग करून 162 नं भागलं की मीटरचं वजन किलोत येतं. 12 मिलिमीटरची बारा मीटर सळई 10.66 किलोच्या जवळपास भरली पाहिजे. तिच्यावर मिलचं नाव, आयएसआय खूण आणि ग्रेड उमटलेला आहे ना, बघा. रिंगचा हुक 135 अंशांत वाकवायला सांगा आणि उभं राहून वाकवून घ्या. साहेबांनी सळई तपासून हिरवा कंदील दिल्याशिवाय मिक्सर सुरू करू देऊ नका. त्यानंतर चौदा दिवस पाणी मारा. घराच्या एकूण खर्चात आराखड्याची फी सगळ्यात लहान आकडा असते. काटकसर करायची तर ती फरशीत, रंगात, दरवाज्याच्या नक्षीत करा. त्या आकड्यात करू नका.